एसच्या अलीकडे

टॉडमॉर्डनला, बाजारामागच्या गल्लीत,
क्रॅबट्री भावांचं भाजीचं दुकान.
हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं,
'ब्रदर्स'च्या शेवटी, एसच्याही पलीकडे
वर टांगलेला एक स्वल्पविराम,
खुंटीला अडकवलेल्या टोपीसारखा.
म्हणजे दोघांचं. लायनेलचं आणि एडगरचं.

आपला 'चा' वस्तूचं तोंड बघून बदलतो:
भावाचा तराजू, भावाची टोपली, भावाचं दुकान.
त्यांचा एस वस्तूला काही विचारतच नाही.
त्याला एवढंच हवं असतं, मालक एक की अनेक,
आणि ते सांगायचं काम
या मोहरीएवढ्या, शेपटीवाल्या ठिपक्याकडे.

एडगरला हे कधी उमगलं नाही.
किंवा उमगलंही असेल, पण हात सढळ होता.
पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर तो भाव लिहायचा
आणि अनेकवचन दिसलं की ठिपका टाकायचाच,
चिमटीने मीठ टाकावं तसा.
टोमॅटोंवर एक, बटाट्यांवर एक,
एकदा तर वाटाण्यांवर दोन.

"बटाट्याचं काय, मिस्टर क्रॅबट्री?"
मिस ऑटीवेल विचारायच्या.
शाळेतून निवृत्त, पर्समध्ये लाल पेन्सिल.
"बटाट्याचं नशीब, मॅडम.
दोन किलो तोलू?"
त्या खोडायच्या.
तो सोमवारी पुन्हा काढायचा.
बावीस वर्षं.

समोरच्या टेकडीवर मेंढ्या चरतात.
इंग्रजीत एक असली तरी तोच शब्द,
शंभर असल्या तरी तोच.
आपल्या भावासारखं: एक भाऊ, दोन भाऊ.
मोजायचे तर ज्याने त्याने डोळ्यांनी मोजावेत.

फेब्रुवारीत एडगर गेला.
एप्रिलमध्ये लायनेलने पाट्या रंगवणाऱ्या
ब्रायनी अटलीला बोलावलं.
"ते चिन्ह," तो म्हणाला, "एसच्या अलीकडे घे."

शिडीवर उभं राहून तिने मनात वाचून पाहिलं.
पलीकडे होतं तोवर भावांचं,
अलीकडे आलं की भावाचं.
(आपल्याकडेही फरक एवढाच:
'वा'च्या डोक्यावरचा एक ठिपका पुसायचा.)
"पण मग लोक विचारतील, कुठल्या भावाचं?
तुमचं एकट्याचं म्हणायचं तर
भाऊ कशाला ठेवायचा?
तुमचं नाव घालू."

लायनेल कोबीची बाहेरची पानं काढत होता.
"माझं कोण म्हणालं?" तो म्हणाला.
"मला भाऊ एकच होता."

ब्रायनीने मग काही विचारलं नाही.
जुनं चिन्ह हिरव्याने झाकलं.
आर आणि एसच्या मधे दोन बोटंही जागा नव्हती,
बारीक ब्रशने, श्वास धरून,
कसंबसं बसवलं.
एका ठिपक्याचे पैसे काय लावायचे,
एक फ्लॉवर घेऊन गेली.

आता भावाचे पुठ्ठे लायनेल लिहितो.
एकही चूक नाही.
मिस ऑटीवेल येतात, चष्मा वर करून
गाजरं, कांदे, बीट, सगळं वाचतात,
पर्समध्ये हात घालतात
आणि सुटे पैसे काढतात.

परवा दारापर्यंत जाऊन परत आल्या.
"जुने पुठ्ठे टाकले का हो सगळे?"
लायनेल गल्ल्याखाली वाकला,
बराच वेळ वाकलेलाच राहिला,
मग एक वर काढून दिला:
गाजरांचा, गेल्या हिवाळ्यातला,
कोपरा भिजून फुगलेला,
ठिपका जागच्या जागी, न खोडलेला.
त्यांनी तो रुमालात गुंडाळला.
गाजरं घ्यायच्या विसरल्या.

संध्याकाळी ऊन तिरकं आलं की
पाटीवर हिरव्याखालून
पिवळ्याचा उंचवटा दिसतो.
एस मधे उभा,
अलीकडे एक टोपी, पलीकडे एक.
एडगरला आवडलं असतं.